चिनी मातीच्या कपाचे वय

इलेक्ट्रॉनिक सिटीतील आमच्या शाखेचे अनेक मराठी ग्राहक नोकरीनिमित्त परदेशी जातात. सामानात आजीचा हाताने रंगवलेला जपानी चहाचा संच असेल, तर बांधण्यापूर्वी प्रत्येक कप उलटा करून पाहावा.

आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकेचा कायदा १८९१ मध्ये लागू झाला आणि जपानी कारखाने तळाशी ‘निप्पॉन’ लिहू लागले. १९२१ पासून तेथे ‘जपान’ हेच नाव सक्तीचे झाले. अर्थात हा नियम अमेरिकेस जाणाऱ्या मालाचा; मुंबईत उतरलेल्या भांड्यावर शिक्का नसला म्हणून ते बनावट ठरत नाही. उलट, ‘निप्पॉन’ शिक्क्याच्या नकलाच मुबलक! तेव्हा भिंग घ्यावे. छापील नक्षीत बहुधा एकसारखे ठिपके दिसतात; कुंचल्याची रेष मात्र जाड-बारीक होत जाते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पुराणवस्तू व कलानिधीविषयक १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अस्सल ‘निप्पॉन’ संच येथेच ठेवावा लागेल. वयाविषयी शंका असल्यास, वस्तू पुराणवस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून प्रवासापूर्वीच घ्यावा.