मुदत संपलेल्या संगणक-प्रणालीचा वापर : धोके व घ्यावयाची काळजी

विविध कार्यकारी सहकारी संस्था, दूध संकलन केंद्र, ग्रामपंचायत कचेरी व सेवा केंद्र या सर्व ठिकाणी आता संगणकावाचून काम चालत नाही. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हापासून तर पीककर्जाची खतावणीही संगणकावर येऊ लागली आहे. तथापि नवे यंत्र आले म्हणून जुने यंत्र बाद होते असे नाही. ते शेजारच्या मेजावर जाते आणि चालूच राहते. अशा यंत्रांवर पुष्कळदा विंडोज ७ अथवा विंडोज १० ही प्रणाली असते. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे संगणक नेहमीप्रमाणेच सुरू झाले, छापणी झाली, हिशेब जुळले. काहीच बिघडले नाही असे पाहून वापरणारे निर्धास्त झाले, आणि खरी अडचण येथेच आहे.

आधार थांबणे म्हणजे काय?

संगणकातील सर्व कामांचा मेळ घालणारी जी मूळ आज्ञावली, तिला प्रणाली म्हणतात. ती कोट्यवधी ओळींची असते व तिच्यात चुका राहून गेलेल्या असतात. यांपैकी काही चुका म्हणजे चोराला आत शिरण्यास मिळालेल्या फटीच होत. अशी फट आढळली की कंपनी ती बुजविण्यासाठी दुरुस्ती पाठविते. संगणक चालू होताना ‘अपडेट’ म्हणून जे उतरते, त्यात मुख्यत्वे याच दुरुस्त्या असतात. मुदत संपली की त्या येणे बंद होते.

शेतकऱ्यांना ही गोष्ट गव्हाच्या उदाहरणावरून चटकन उमगेल. कल्याण सोना हा बुटका वाण १९६० नंतरच्या दशकात आला तेव्हा त्याने भरघोस उत्पन्न दिले. पुढे तो तांबेऱ्याला बळी पडू लागला. बियाणे तेच होते, पण तांबेऱ्याच्या बुरशीने नवे रूप धारण केले होते. जुन्या प्रणालीचेही असेच आहे. ती स्वतः झिजत नाही, परंतु तिच्यावर चालून येणारे बदलत राहतात.

येथे आणखी एक बाब आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. नव्या प्रणालीचा मोठा भाग जुनीवरूनच घेतलेला असतो. त्यामुळे नव्या प्रणालीतील एखादी फट बुजविली गेली की, दुरुस्तीपूर्वीची व नंतरची आज्ञावली ताडून पाहणाऱ्या चोराला फट नेमकी कोठे होती हे कळते. तीच फट जुन्या प्रणालीत असल्यास तेथे ती उघडीच राहते. म्हणजे इतरांना मिळालेली प्रत्येक दुरुस्ती ही जुन्या यंत्रावरील चोरीस वाट दाखविणारी ठरते, आणि जसजसा काळ जाईल तसतसा धोका वाढत जातो. ‘इतके दिवस काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणून फसवा आहे.

विषाणूरोधक आज्ञावली घातली की भागते, असाही समज आहे. राखणदार ओळखीच्या चोराला अडवील, पण कुंपणाचे भगदाड तो बुजवू शकत नाही.

२०१७ मधील अनुभव

दि. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. त्यातील कागदपत्रे कुलूपबंद झाली व ती सोडविण्यासाठी ३०० डॉलर मागितले गेले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून हा विषाणू शिरला, तिची दुरुस्ती १४ मार्च रोजी, म्हणजे ५९ दिवस आधीच, निघाली होती. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्या वेळी विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्यांचा आधार चालू होता, फक्त वापरणाऱ्यांनी दुरुस्ती घेतली नव्हती. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली असल्याने तिच्यासाठी सर्वांना खुली अशी दुरुस्ती नव्हतीच. हल्ल्यानंतर ती अपवाद म्हणून काढण्यात आली. अशा अपवादावर भिस्त ठेवून चालणार नाही. त्याच वर्षी जूनअखेरीस तीच फट वापरणारा दुसरा विषाणू पसरला, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

विकास सोसायटीच्या यंत्रात सभासदांची कर्जखाती, बँक खात्यांचे क्रमांक व आधारपत्रांच्या प्रती असतात. मार्चअखेरच्या वसुलीच्या तोंडावर ही खाती कुलूपबंद झाली तर सभासदाने भरलेली रक्कम कशी सिद्ध करावी, हा प्रश्न उभा राहतो. तो गटसचिवाइतकाच सभासदाचाही आहे.

कोणता मार्ग धरावा?

प्रथम यंत्रावर कोणती प्रणाली आहे हे पाहावे. कळफलकावरील विंडोजची खूण व आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा इंग्रजी अक्षरे सलग टंकावीत, म्हणजे प्रणालीचे नाव व आवृत्ती दिसते.

विंडोज १० असल्यास ते यंत्र विंडोज ११ स पात्र आहे काय, हे तपासून घ्यावे. त्यासाठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा असावा लागतो. अपात्र यंत्रावर युक्तीने नवी प्रणाली बसवून देणारे कारागीर भेटतात, परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोय जाहीर झाली. संस्थांसाठीची सोय निराळी असून ती दरवर्षी पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते व तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. सोसायटीने घरगुती सवलत आपल्यालाही लागू आहे असे गृहीत धरू नये.

यंत्र अपात्र असले व त्यावर केवळ अर्ज भरणे, पत्रे लिहिणे एवढेच काम होत असेल, तर लिनक्सवर आधारलेली विनामूल्य प्रणाली उत्तम चालते. मराठी टंकलेखनाचा इन्स्क्रिप्ट कळफलक तीत असतो. मात्र अंगठ्याचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली व छपाईयंत्र तीवर चालते काय, हे आधी एका यंत्रावर पाहून मगच बदल करावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेले ठराव व इतिवृत्ते नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात, आणि पुष्कळ कचेऱ्यांतील जुने यंत्र केवळ याच कारणाने जिवंत आहे. हे दस्तऐवज एकदाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत व एक प्रत कागदावर छापून ठेवावी.

बाजारात ‘क्रॅक’ केलेली विंडोज फुकट टाकून देण्याची पद्धत आहे. ती बसविताना विषाणूरोधक आज्ञावली बंद करा असे सांगितले जाते. एवढ्यावरूनच काय ते ओळखावे.

यंत्र ठेवणे भागच असल्यास

दूध केंद्रातील फॅट यंत्र किंवा वजनकाटा जुन्या संगणकाला जुन्या पद्धतीच्या तारेने जोडलेला असतो व त्याची आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नाही. असे यंत्र लगेच मोडीत काढणे परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. त्याचे इंटरनेट काढून टाकावे. वायफाय नुसते बंद न करता तार व डाँगलही काढून ठेवावे आणि त्या यंत्रावर त्याचे एकच काम करावे. बँकेचा व्यवहार, आधारचा अंगठा, डिजिटल स्वाक्षरी व ई-मेल ही कामे त्यावर कदापि करू नयेत.

दुधाच्या नोंदी पेनड्राईव्हने बाहेर न्याव्या लागतात. पेनड्राईव्ह हाच रोगवाहक होऊ शकतो. २००८ मध्ये उद्भवलेला ‘कॉन्फिकर’ विषाणू याही मार्गाने पसरला होता. म्हणून या कामासाठी एक पेनड्राईव्ह वेगळा राखून त्यावर खूण करावी, आधार चालू असलेल्या यंत्रावर तो दर वेळी तपासावा, आणि त्यावर गाणी वा चित्रपट घेण्यास कोणालाही देऊ नये. सांगावयास ही साधी गोष्ट आहे, परंतु मोडते ती हीच.

इंटरनेट जोडलेलेच ठेवावे लागत असेल, तर ब्राउझरकडे लक्ष द्यावे. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मध्ये निघाली. त्यानंतर तीही थांबली. अशा यंत्रावरून सरकारी संकेतस्थळे उघडेनाशी झाल्यास दोष संकेतस्थळाचा आहे असे समजू नये. हाच नियम मोबाईलला लागू आहे. ज्या फोनला सुरक्षा-दुरुस्त्या येणे थांबले, त्यावर बँकेचे ॲप ठेवणे धोक्याचे असते.

हिशेबाच्या प्रती दर आठवड्यास दोन निरनिराळ्या साधनांवर काढाव्यात. त्यांपैकी एक साधन प्रत घेताच संगणकापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत ठेवावे, कारण जोडलेले साधनही विषाणू कुलूपबंद करतो. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहिलेल्यांची ऐनवेळी फजिती होते. पैशाची फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

जुने यंत्र विकताना अथवा भंगारात देताना त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. नुसत्या फाईली पुसल्याने माहिती जात नाही व ती पुन्हा काढता येते. काढलेली डिस्क संस्थेच्या कपाटात नोंद करून ठेवावी, किंवा ठराव करून दोन साक्षीदारांसमक्ष तिला भोके पाडून निकामी करावी, आणि उरलेले यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पावती घेऊन द्यावे.