वनस्पतींचा संकेत आणि त्याचा वाचक

बंगळूरच्या परिसरात नाचणीच्या शेतात तुरीच्या ओळी घेण्याची रीत आहे. तुरीच्या मुळाशी मित्र आणि शत्रू एकाच मातीतून येतात. रायझोबियम जीवाणू नत्र पुरवितात, सहजीवी कवके स्फुरद मिळवून देतात, तर फ्युसेरियम हे कवक मर रोग आणते. या सहजीवी कवकांचा प्रदीर्घ अभ्यास येथील कृषी विज्ञान विद्यापीठात (स्थापना १९६४) डी. जे. बाग्यराज प्रभृतींनी केला. मज्जातंतू नसलेले मूळ आल्यागेल्याची पारख कशी करते, हा प्रश्न साहित्याभ्यासकांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम अत्यल्प असते. पेशीबाहेर ते सुमारे १०,००० पट अधिक असते. ते आत साचल्यास फॉस्फेटाशी संयोग पावून अपाय करते, म्हणून पेशी ते सतत बाहेर लोटते. या रित्या पार्श्वभूमीवर किंचित वाढही ठळक उमटते. संकेत होण्याची त्याची पात्रता यातच आहे.

अळीने पान कुरतडले की जखमेतून ग्लुटामेट स्रवते आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांपर्यंत जाऊन त्यांचे संरक्षण जागे करते, असे तोयोता व गिलरॉय यांच्या गटाने २०१८ साली दाखविले. मित्रजीवाणूंच्या संदेशाने मात्र मूलरोमांच्या केंद्रकाभोवती कॅल्शियम मिनिट-दोन मिनिटांच्या लयीत चढते-उतरते. हे १९९६ साली लसूणघासात आढळले. द्रव्य एकच, प्रसंग भिन्न.

मग अर्थ कोठे असतो? केवळ लयीत नव्हे. ती लय वाचणारे एक प्रथिन केंद्रकात असते. ते सदैव जागृत राहील असा फेरफार केलेल्या द्विदल वनस्पतींत जीवाणू नसतानाही मुळांवर गाठी येतात, हे २००६ साली सिद्ध झाले. म्हणजे संदेश नसतानाही वाचकाने अर्थ घडविला. परंतु त्या गाठींत नत्र बांधणारे कोणीच नव्हते.

जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगांपासून ‘झाडे बोलतात’ हे रूपक आपल्या साहित्यात रुळले आहे. ते त्याज्य नव्हे. तथापि येथे वक्त्याचा हेतू गृहीत धरण्याचे कारण नाही. वनस्पतीपाशी भाषा आहे असे म्हणण्यापेक्षा तिच्यापाशी वाचनाची व्यवस्था आहे असे म्हणणे अधिक यथार्थ होय.