गरवाली शोभेची झाडे : आधी छप्पर, मग कुंडी

थोड्या भांडवलात, घरच्या अंगणात करता येईल असा जोडधंदा कोणता, अशी विचारणा किनारपट्टीवरील वाचक नेहमी करतात. हल्ली शहरांत कॅक्टस, अडेनियम, जेड, स्नेक प्लांट अशा गरवाल्या झाडांना चांगले गिऱ्हाईक आहे. खिडकीत मावतात, रोज पाणी मागत नाहीत. नर्सरीवाले यांना 'सक्युलंट' म्हणतात. मालवण तालुक्यातील तोंडवलीसारख्या गावी हा धंदा करता येईल का, याचा येथे विचार करू.

तोंडवली-तळाशीलच्या पट्ट्यात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पायाखाली वाळू. वाळूत वाढणारी झाडे वाळूच्या गावात सहज होतील, असे कोणालाही वाटेल. तिथेच फसगत होते. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ही झाडे पाणी पोटात साठवून जगणारी. मुळे आठवडाभर ओली राहिली की बुंधा मऊ पडतो आणि वरून हिरवे दिसणारे झाड हातात उचलले की तुटून येते. दिवाळीत घेतलेला माल पुढच्या श्रावणात कुजून जाणे, हीच या धंद्यातील खरी जोखीम आहे.

म्हणून रोपे आणण्याआधी छप्पर. बांबूचा किंवा सुपारीच्या खांबांचा मांडव, वर उतार देऊन जाड पारदर्शक प्लास्टिक, चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या. समुद्राकडून खारा वारा थेट येत असेल तर त्या बाजूला शेडनेट लावावी. कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत. चिऱ्यांवर फळ्या टाकून गुडघाभर उंच मांडाव्यात. मिरगापासून पाऊस सरेपर्यंत कुंडीतील माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी द्यायचे नाही.

मातीचे मिश्रण गावातच होते. जांभ्याची चाळलेली खडी दोन भाग, नदीची जाड वाळू एक भाग, जुने कुजलेले शेणखत एक भाग आणि थोडा करवंटीचा कोळसा. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून मीही एकदा तशीच वापरली होती. मिठाने पानांच्या कडा जळाल्या. काथ्याचा भुसाही दोन-तीन वेळा धुऊन आणि थोडाच घालावा. तो पाणी धरून ठेवतो, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

आता माल कोणता घ्यावा? फोटोत सर्वांत देखणी दिसणारी गुलाबाच्या आकाराची एचेव्हेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिला रात्रीचा गारवा लागतो. आपल्या दमट उकाड्यात ती पांगते आणि सडते. लिथॉप्सचेही तेच. ती महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लोकांना लखलाभ. आपल्याकडे स्नेक प्लांट, कोरफडीचे प्रकार, जेड म्हणून विकली जाणारी पोर्टुलकारिया, काटेरी युफोर्बिया मिली आणि सर्वांत वर अडेनियम.

अडेनियम हे नाव अदन बंदरावरून आले. आफ्रिका आणि अरबस्तानात ते रानोमाळ वाढते. नोकरीनिमित्त ओमानच्या सलालाकडे राहिलेल्यांनी ते डोंगरउतारावर पाहिलेही असेल. उन्हाळा त्याला मानवतो आणि कोकणात कडाक्याची थंडी नसते. ताजे बी आठवड्याच्या आत उगवते. शेंग पिकू लागली की दोऱ्याने बांधून ठेवावी, नाहीतर ती फुटून पिसेवाले बी वाऱ्यावर उडून जाते. बियांच्या रोपाला आईसारखेच फूल येईल असे नाही; ठरावीक रंग हवा तर कलम करावे लागते. आंब्याच्या कलमात हात बसलेल्या माणसाला हे अवघड नाही. दर वेळी कुंडी बदलताना झाड थोडे वर उचलून लावले की फुगलेला बुंधा उघडा पडतो आणि त्यालाच किंमत येते. न विकलेला हार संध्याकाळी मातीमोल होतो. न विकलेले अडेनियम पुढच्या वर्षी जास्त दाम देते. मात्र त्याचा चीक विषारी असतो. मुले आणि शेळ्या दूर ठेवाव्यात, छाटल्यावर हात धुवावेत.

फांदी लावताना घाई नको. कापलेली बाजू सावलीत पाच-सात दिवस सुकवून मगच मातीत खोचावी. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचे पान कापून लावले तर नवी रोपे साधी हिरवी निघतात. कड टिकवायची तर गड्डाच फोडावा.

हिशेबात मेलेली झाडे धरावीत. समजा, ३० रुपयांप्रमाणे २०० रोपे आणली, म्हणजे ६००० रुपये. त्यातली ६० मेली तर उरलेल्या १४० पैकी प्रत्येक नग सुमारे ४३ रुपयांना पडला. कुंडी, माती, मजुरी वेगळी. पुष्कळजण ३० वरच नफा मांडतात आणि वर्षअखेर पैसा गेला कुठे ते शोधत बसतात.

कारागिरांनाही यात वाव आहे. कुंभाराची बिनझिलईची कुंडी यांना उत्तम, कारण ती श्वास घेते. चिऱ्याच्या खाणीवर पडलेले तुकडे कोरून, तळाला भोक पाडून केलेली कुंडी पर्यटकाला मालवणची आठवण म्हणून देता येईल. लांबच्या गिऱ्हाइकाला अडेनियम मातीशिवाय, मुळे सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवता येते. आठवडाभर त्याला काही होत नाही. वजनही वाचते.

गिऱ्हाइकाला मालाचा ऐब सांगावा. काही ठिकाणी कॅक्टसवर सुकी फुले डिंकाने चिकटवून विकतात. लाल-पिवळ्या गोंड्याच्या कॅक्टसमध्ये हरितद्रव्य नसते, तो दुसऱ्या कॅक्टसच्या बुंध्यावर कलम करून जगवलेला असतो आणि बहुधा थोडीच वर्षे टिकतो. हे आधी सांगितले तर तोच माणूस पुन्हा येतो.

सड्यावरची किंवा गडावरची दुर्मिळ झाडे खणून आणण्याच्या मोहात पडू नये. कंदीलपुष्प आणि महाराष्ट्राबाहेर न आढळणारी शिंदळ माकुडी ही रानातून काढून परदेशी पाठवण्यास बंदी आहे. आखातातल्या नातेवाइकांकडे कुंडी न्यायची तरी रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, आणि कॅक्टस व गरवाल्या युफोर्बियाला आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवानाही. ही चौकशी तिकीट काढण्याआधी करावी.

पहिल्या वर्षी ५० नगांच्या वर जाऊ नये. एक पावसाळा त्या मांडवाखाली काढून पाहावा आणि किती झाडे उभी राहिली ते मोजून मगच पुढची खरेदी करावी.