एक लस जन्माची, दुसरी सहा महिन्यांची : असे का?

लाळ्या खुरकुताची लस टोचायला दवाखान्याची माणसे गावात आली की, "मागेच तर टोचली, आता पुन्हा कशाला?" असा प्रश्न हमखास निघतो. लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध घटते, म्हणून काही जण जनावरे रानात पाठवून देतात. लस कशी तयार होते हे समजले की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

बुळकांडीची लस

पूर्वी बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होत. अशा रोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली व १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे १९२० नंतरच्या दशकात डॉ. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वाढवीत नेला. तो शेळीला सरावला आणि गाईला मारण्याची त्याची ताकद कमी झाली. तरीही ही लस संकरित जनावरांना जड जाई. पुढे केनियात डॉ. प्लोराइट यांनी हाच विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर सुमारे ९० वेळा वाढवून सर्व जातींना मानवणारी लस तयार केली. ती १९६० च्या सुमारास सिद्ध झाली.

ही लस जिवंत पण सौम्य होती. शिवाय प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने या विषाणूचा प्रकार एकच. त्यामुळे एकदा टोचले की जन्मभर संरक्षण मिळे. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ मध्ये झाली आणि २०११ मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

लाळ्या खुरकुताची अडचण

हा विषाणू झपाट्याने रूप बदलतो. त्याची जिवंत सौम्य लस भरवशाची ठरली नाही. म्हणून विषाणू पेशींवर वाढवून, रसायनाने मारून लस करतात. मेलेला विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती काही महिन्यांतच ओसरते. आपल्याकडे याचे ओ, ए व एशिया-१ असे तीन प्रकार आढळतात. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्यास अडवीत नाही, म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात.

एवढे करा

१. वासराला चौथ्या महिन्यात पहिली व महिन्याने दुसरी मात्रा द्यावी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सर्व जनावरांना लस टोचून घ्यावी.
२. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ती गोठू देऊ नये व उन्हात नेऊ नये.
३. जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधीच पाजावे. आजारी व गाभण जनावरांबाबत त्यांना विचारावे.
४. प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तोवर जनावर बाजारात नेऊ नये.

दोन दिवसांचे घटलेले दूध भरून निघते; पण ऐन पेरणीत बैल लंगडला तर हंगाम जातो. गावातील एक गोठा सुटला तरी रोगाला वाट मिळते. तेव्हा लसीकरणाच्या दिवशी जनावरे दावणीलाच ठेवा.