घरीं बांधलेल्या मोटारींतील विजेच्या तारा

विजेचा झटका बसला तर माणूस दगावतो हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु जी वीज हाताला जाणवतसुद्धां नाहीं तीही आग लावूं शकते, हें पुष्कळ सुशिक्षितांसही सांगावें लागतें. मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तिच्या दोन्ही टोकांवर कोरडीं बोटें ठेविलीं तरी कांहीं होत नाहीं. मात्र त्याच टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर त्यांतून शेंकडों अँपियर प्रवाह धांवतो व ठिणग्या उडून पाना हातांत धरवेनासा होतो. पान्याच्या जागीं एक बारीक तार आहे असें समजा, आणि तिच्याजवळून पेट्रोलची नळी गेली आहे. मोटारींतील तारा नीट बांधणें हें कांहीं केवळ टापटिपीचें काम नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

इंग्लंडांत स्वतःच्या हातानें मोटार बांधण्याचा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन ह्यांनीं १९५७ सालीं लोटस सेव्हन नांवाची लहानशी गाडी काढली. ती सुट्या भागांच्या रूपानें घेतल्यास खरेदीकर चुकत असे. म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकें ते भाग घरींच जोडीत. १९७३ पासून ही गाडी केटरहॅम कंपनीच्या हातीं गेली. पुढें १९९६ सालीं रॉन चॅम्पियन ह्यांनीं अडीचशें पौंडांत मोटार कशी बांधावी ह्यावर पुस्तक लिहिलें, आणि तें वाचून अनेकांनीं चौकोनी पोलादी नळ्या कापून सांगाडासुद्धां स्वतःच सांधला. अशा गाडींत तारांचें काम शेवटीं येतें. इंजिन बसलें, चाकें लागलीं, कीं बांधणाऱ्यास रस्ता दिसूं लागतो; आणि हें काम उरकून टाकण्याकडे मन धांवतें.

आतां थोडें गणित करूं. समोरचे दोन दिवे प्रत्येकीं ५५ वॉटचे असले तर ११० भागिले १२, म्हणजे सुमारें ९ अँपियर प्रवाह लागतो. घरांतील २३० व्होल्टच्या विजेवर तेवढ्याच वॉटला अर्धा अँपियरही लागत नाहीं. म्हणून घरांत चालणारी बारीक तार मोटारींत चालेलच असें नाहीं. एक चौरस मिलिमीटर जाडीची चार मीटर तांब्याची तार घेतली, तर तिचा विरोध सुमारें ०.०७ ओहम होतो, आणि ९ अँपियर जातांना ०.६ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. हा दाबाचा विसावा हिस्सा. पण त्यामुळें दिव्याचा प्रकाश जवळजवळ एक षष्ठांशानें घटतो.

तथापि योग्य जाडीची तारही विजेपेक्षां हालचालीनेंच अधिक लवकर खराब होते. गाडी धांवूं लागली कीं तिचा प्रत्येक भाग थरथरतो. पत्र्याला भोंक पाडून त्यांतून तार ओढली, कीं पत्र्याची धार करवतीसारखी तिच्या वेष्टनावर घासूं लागते. आज नाहीं, उद्यां नाहीं. सहा महिन्यांनीं तांबें उघडें पडतें व पत्र्याला टेंकतें. सांगाडा हाच विजेच्या परतीचा मार्ग असल्यामुळें तेथेंच सर्किट पुरें होतें. ह्यासाठीं प्रत्येक भोंकांत रबरी कडें, म्हणजे ग्रोमेट, बसवावें. एकाच वाटेनें जाणाऱ्या तारांची जुडी करून ती सांगाड्याला क्लिपांनीं बांधावी. इंग्लंडांत घरीं बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीं सरकारी तपासणी होते. तींत तारांना जास्तींत जास्त दर ३०० मिलिमीटरांवर आधार असावा असा दंडक आहे. जुडी धुराच्या नळीपासून दूर असावी. ती नळी अतिशय तापते, आणि प्लॅस्टिकचें वेष्टन वितळण्यास तिचा स्पर्शही लागत नाहीं.

सर्वत्र घट्ट बांधणें मात्र शहाणपणाचें नाहीं. इंजिन रबरी बैठकांवर हलत असतें, सांगाडा त्या मानानें स्थिर. ह्या दोहोंच्या मध्यें तार ताणून बांधली, तर ती जोडाशींच तुटते. तेथें एक सैल वळसा ठेवावाच लागतो. डाख दिलेल्या जोडाविषयींही हेंच. डाख तारेच्या धाग्यांत शिरून त्यांस ताठ करतो, आणि जेथें ताठपणा संपतो तेथें थरथरीनें धागे मोडूं लागतात. म्हणून दाबून बसविलेलें टर्मिनल बरें. तें बसविल्यावर हातानें ओढून पाहावें. काळ्या चिकटपट्टीवर तर आमचा बिलकुल विश्वास नाहीं. उन्हाळ्यांत तिचा डिंक पाघळतो.

परतीच्या मार्गाकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. सांगाड्याला रंग दिलेला असतो आणि रंगांतून वीज जात नाहीं. तेव्हां काळी तार जेथें जोडावयाची तेथील रंग खरवडून धातु उघडा करावा, व बोल्ट आवळल्यावर गंजूं नये म्हणून वर ग्रीस लावावें. ब्रेक दाबला असतां वळणाचा दिवा मंद होत असेल, तर दोष बहुधा येथेंच सांपडतो. दोष शोधतांना रंगांचा फार उपयोग. जुन्या इंग्रजी गाड्यांत तपकिरी तार थेट बॅटरीची, काळी परतीची, निळी समोरच्या मोठ्या दिव्यांची आणि तांबडी बाजूच्या लहान दिव्यांची असे. ज्यानें सर्व तारा एकाच रंगाच्या वापरल्या, त्यानें निदान टोकांना चिठ्ठ्या लावून नकाशा तरी काढून ठेवावा.

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं असतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. त्याच्या पुढें जी सर्वांत बारीक तार असेल तिला पेलेल एवढाच तो असावा, आणि बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. कारण त्याच्या अलीकडील तारेला कोणी राखणदार नसतो. इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे जाणारी जाड तार बहुधा फ्यूजशिवायच असते. म्हणून सर्व तारांमध्यें तिलाच दुहेरी वेष्टन द्यावें, आणि तिच्याच क्लिपा आधीं तपासाव्या. ही तपासणी करतांना बॅटरीची काळी तार प्रथम काढावी. तांबडी आधीं सोडूं लागलें आणि पाना सांगाड्यास लागला, तर वर सांगितलेल्या ठिणग्या आपल्याच हातांत उडतात. काळी सुटलेली असेल तर पाना कोठेंही लागला तरी सर्किट पुरें होत नाहीं. जोडतांना अर्थातच उलट क्रम, काळी शेवटीं.