मत वेगळे, मैत्री तीच: लिंकन यांचे एक पत्र



लिंकन यांचे पत्र म्हटले की आपल्याला मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्रच आठवते. पण ते लिंकननी लिहिल्याचा पुरावा काही मिळत नाही. म्हणून या आठवड्याच्या अभ्यासाला आपण त्यांच्या हातचे एक खरे पत्र घेऊ. ते २४ ऑगस्ट १८५५ चे आहे, जिवलग मित्र जोशुआ स्पीड यांना लिहिलेले.

आधी मैत्री समजून घेऊ. १८३७ मध्ये लिंकन वकिली करायला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी आले. स्पीड तिथे दुकान चालवत. गादी-अंथरुणाचे १७ डॉलर होत होते, तेवढेही लिंकनकडे नव्हते. स्पीडनी त्यांना माडीवरच्या आपल्याच खोलीत राहायला बोलावले. जवळजवळ चार वर्षे दोघे एकत्र राहिले. पुढे १८४१ मध्ये लिंकन मनाने फार खचले, तेव्हा केंटकी राज्यातल्या स्पीड यांच्या घरी काही आठवडे राहून ते सावरले. मात्र त्या घरची शेती गुलामांच्या कष्टावर चालायची!

१८५४ मध्ये नव्या कायद्याने गुलामगिरीला कॅन्सस-नेब्रास्काच्या प्रदेशात वाट मोकळी झाली आणि देश तापला. मे १८५५ मध्ये स्पीडनी लिहिले की, राजकारणात आता आपले दोघांचे पटणार नाही. लिंकनना उत्तर द्यायला तीन महिने लागले. ते उत्तर कसे रचले आहे, ते बघण्यासारखे आहे.

*पहिली पायरी:* जिथे एकमत आहे ते आधी. मतभेद असतील, पण तुला वाटतात तेवढे नाहीत. गुलामगिरी मुळात चूक, हे तूही मानतोस.

*दुसरी पायरी:* समोरच्याची भीती दूर करणे. कायद्याने तुझा जो हक्क आहे तो सोड, असे मी तुला म्हणत नाही.

*तिसरी पायरी:* स्वतःचे दुःख सांगणे. १८४१ मध्ये दोघांनी मिळून आगबोटीने केलेल्या प्रवासाची ते आठवण देतात. बोटीवर दहा-बारा गुलाम बेड्यांनी एकमेकांना जखडलेले होते. ते दृश्य मला अजून छळते, म्हणून या प्रश्नाशी माझा संबंध नाही असे तू समजू नकोस, असे ते सांगतात.

*चौथी पायरी:* तरीही मतभेद राहणारच असतील तर राहू देत, हे सरळ सांगणे. शेवटी स्पीड यांच्या पत्नीला नमस्कार आणि एक गोड चिमटा: या विषयात तुझ्यापेक्षा तिचीच सहानुभूती मला जास्त आहे! आणि खाली सही, कायमचा मित्र म्हणून.

इथे एक अवघड प्रश्न येतो, तो आपण टाळू नये. पळालेल्या गुलामांना पकडून नेतात तेव्हा मी ओठ चावून गप्प बसतो, अशी कबुलीही याच पत्रात आहे. बेड्यांतल्या माणसाला त्या गप्प बसण्याचा काय उपयोग? मैत्री जपली म्हणून अन्याय तर मिटत नाही. पण लिंकन तिथेच थांबले नाहीत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. स्पीडना तो निर्णय पटला नव्हता. तरी यादवी युद्धात केंटकी राज्य देशासोबत राहावे म्हणून स्पीड झटले होते, आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली.

आपल्या घरात, भावा-बहिणींत, फॅमिली ग्रुपवर काय होते? निवडणूक आली की कोणीतरी ग्रुप सोडते, नाहीतर सगळे गप्प बसून आतल्या आत धुमसतात. सणाला एकत्र आलो तरी मन मोकळे होत नाही.

*या आठवड्याचा सराव:* ज्यांच्याशी मत जुळत नाही अशा एका आप्ताला चार ओळी लिहू या. आपले कुठे जुळते, त्यांचे काय रास्त आहे, आपल्याला कशाने त्रास होतो आणि नाते तसेच आहे. फॉरवर्ड नको, स्वतःच्या शब्दांत. घाई नको, लिंकननाही तीन महिने लागले होते.

*विचारासाठी:*
१. आपण कुठे प्रेमापोटी गप्प बसतो आणि कुठे भीतीपोटी?
२. त्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजते?

उत्तरे पुढच्या बैठकीत सगळ्यांनी सांगायची आहेत.