पहाटेचा डोस तीनदा वाचावा लागतो

प्रश्न : मी परिचारिका आहे. सलग रात्रपाळ्यांत पहाटे औषधाचा डोस तीनदा वाचावा लागतो. माझं कामात लक्ष राहिलं नाही का?
– एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : ताई, हा निष्काळजीपणा नाही, थकवा आहे. सलग 17 तास जागल्यावर मेंदू मद्य घेतल्यासारखा मंदावतो. त्यात पहाटे 3 ते 5 शरीर झोपच मागतं. तीनदा वाचता, ते योग्यच. इन्सुलिनसारखी औषधं तेव्हा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. त्यात कमीपणा कसला? इन्चार्ज सिस्टरांशी बोलून आळीपाळीने वीसेक मिनिटांची डुलकी ठरवा, मात्र उठल्याउठल्या औषधांना हात लावू नका. डोळे मिटत असताना स्कूटीवरून घरी तर मुळीच निघू नका. सुट्टीत झोपूनही थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या.